प्रसारणाचा प्रश्न कोण लिहितो?

सरकारने समिती नेमली की आपण अहवालाची वाट बघत बसतो. अहवाल आला की निषेध करतो, निवेदन देतो, मोर्चा काढतो. आमचे म्हणणे असे की तोवर फार उशीर झालेला असतो. समिती काय तपासणार, साक्षीला कोणाला बोलावणार, प्रश्न कोणते विचारणार हे सुरुवातीच्या बैठकांतच ठरते. जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर अहवालात येणार कुठून?

बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले होते. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे ते साक्षीला गेले, ते लेखी निवेदन आणि आकडेवारी घेऊनच. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढेही बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन आधी गेले आणि साक्ष नंतर झाली. अस्पृश्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलावे, ही सोयच त्यांनी ठेवली नाही.

आता रेडिओ-टीव्हीचा इतिहास या नजरेने वाचा. १९६४ मध्ये अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांची स्वतंत्र महामंडळे करा, असे तिने १९६६ मध्ये सांगितले. पुढे आणीबाणीत आकाशवाणी सरकारचा भोंगा झाली. म्हणून जनता सरकारने १९७७ मध्ये बी. जी. वर्गीस यांचा कार्यगट नेमला. त्याने १९७८ मध्ये 'आकाश भारती' या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. १९९० मध्ये प्रसार भारती कायदा झाला, पण तो अमलात यायला १५ सप्टेंबर १९९७ उजाडले. या सगळ्या प्रवासात मध्यवर्ती प्रश्न एकच राहिला: प्रसारण सरकारच्या ताब्यात असावे की नसावे?

प्रश्न खोटा नाही. आणीबाणी भोगलेल्या देशाने तो विचारायलाच हवा होता. पण सरकारच्या हातातून सुटलेला माईक कोणाच्या हातात जाणार, हा प्रश्न मागे पडला.

गंमत बघा, खुद्द कायद्यात तो प्रश्न बसलेला आहे. प्रसार भारती कायद्याचे कलम १२ उघडा. सामाजिक न्यायाला चालना देणे, शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट प्रथांशी लढणे, दुर्बल घटकांचे हित साधणे हे महामंडळाचे कर्तव्य म्हणून तिथे लिहिले आहे. याच कायद्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ अशा २२ खासदारांच्या समितीचीही तरतूद आहे. कलम १२ मधल्या त्या ओळीचा हिशेब संसदेने दरवर्षी मागावा, असे आपल्यापैकी किती जणांनी आपल्या खासदाराला सांगितले?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे एल्गार परिषदेच्या आयोजकांत उभे राहिले तेच सावंत. लहरी जनतेच्या असतील, तर त्यांत गावकुसाबाहेरच्या जनतेचाही वाटा आला. १९९७ मध्ये प्रसारण विधेयक संसदेत आले आणि शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. चर्चा रंगली ती परवाने, परकीय भांडवल आणि वृत्तपत्रमालकांनी वाहिन्या काढाव्यात की नाही यावर. डिसेंबरमध्ये लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले.

जनतेचा तो वाटा वाहिन्यांत किती पोहोचला? २००६ मध्ये दिल्लीतल्या माध्यमांतील ३१५ निर्णयाधिकारी तपासले गेले. त्यांत अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी १२१ नेतृत्वपदे पाहिली. १०६ जागी सवर्ण, आणि अनुसूचित जाती-जमातींचा पुन्हा एकही नाही. मालक सरकारी असो वा खासगी, खुर्चीची जात तीच राहिली. माध्यमे जात मानत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी या दोन शून्यांचे उत्तर द्यावे.

म्हणून समितीचे कामकाज समजून घ्या. १९९३ पासून संसदेत खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. प्रसारणाचा विषय दळणवळण व माहिती तंत्रज्ञान समितीकडे येतो. ३१ खासदार, मुदत एक वर्षाची. समिती वर्षाचे विषय निवडते. मंत्रालयाकडून टिपण मागवते. सचिवालय प्रश्नांची यादी करते. मग अधिकाऱ्यांच्या, तज्ज्ञांच्या, वाहिन्यांच्या संघटनांच्या साक्षी होतात. अनेकदा जनतेकडूनही लेखी निवेदने मागवली जातात. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्यांवर काय केले हे सरकारला कळवावे लागते.

वाहिन्यांच्या मालकांची माणसे या प्रत्येक पायरीवर हजर असतात. आपण कुठे असतो? आपली घोषणा रस्त्यावर जोरात असते आणि टपालात आपले एकही निवेदन नसते.

पुढच्या वेळी प्रसारण सुधारणेचा विषय निघेल तेव्हा आपले तीन प्रश्न तयार हवेत. कलम १२ मधील कर्तव्यावर किती तास आणि किती पैसा खर्च झाला? संपादकीय निर्णय घेणाऱ्या जागांवर कोणत्या समाजांची माणसे आहेत? साक्षीला बोलावलेल्यांत वंचितांच्या किती संघटना होत्या? प्रत्येक जिल्ह्यातून अशी आकडेवारीसह निवेदने गेली, तर निदान 'हा प्रश्न कोणी मांडलाच नाही' असे लिहिण्याची सोय तरी कोणाला उरणार नाही.

'शिका' या शब्दात संसदेची नियमावली शिकणेही येते.

जय भीम!