मिठाच्या मणांत मोजलेली ऐपत

१/ धाडच्या आठवडी बाजारात वर्षभरात किती मीठ खपते, याचा आकडा सरकारी दप्तरात मिळणार नाही. तरीही विक्रीवरून लोकांची ऐपत ओळखण्याचा प्रयत्न जुना आहे. त्यातील एक प्रकरण मिठाचेच आहे. #धागा

२/ मीठ गरिबालाही लागते आणि सावकारालाही. म्हणून त्यावरील कर इंग्रज सरकारला सोयीचा होता. १८८८ मध्ये तो मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. हा कर मीठ आगराबाहेर पडतानाच वसूल होई. त्यामुळे दुकानदाराची वही कोणी पाहिली नाही, तरी देशातील खप सरकारला ठाऊक असे.

३/ २६ मार्च १९०२. कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर बोलले. तिजोरीत शिल्लक होती. सरकारला त्यात भरभराट दिसत होती. गोखल्यांनी मिठाकडे बोट दाखवले: लोकसंख्या वाढली, पण खप त्या प्रमाणात वाढला नाही. भरलेली तिजोरी म्हणजे भरलेले घर नव्हे.

४/ पुढे कर उतरला: १९०३ मध्ये २ रुपये, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये १ रुपया. खप वाढत गेला. लोकांना मीठ नको नव्हते, ते परवडत नव्हते.

५/ अर्थात, सारा दोष कराचाच म्हणता येणार नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडही होरपळले होते. मात्र हा आकडा मणांत होता, रुपयांत नव्हे. रुपयांतील विक्री केवळ महागाईनेही फुगते. मणांत तो भ्रम होत नाही.

६/ आज अमेरिकेत किरकोळ विक्रीचे सरकारी आकडे दरमहा प्रसिद्ध होतात. आपल्याकडे तशी मालिका रूढ नाही. १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणी थेट घरोघरी जाऊन खर्च विचारते. २०२२-२३ मध्ये दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये, तर शहरी भागात ६,४५९ रुपये आढळला.

७/ जीएसटीचे आकडे दरमहा येतात, पण त्यांत नोंदणीकृत व्यापारीच मोजला जातो. बाजारात गोणपाट अंथरून भाजी विकणारी बाई त्यांत नसते. तिचा धंदा बसला, तरी आलेख हलत नाही.

८/ तेव्हा नोंद आगरावर होत होती, आता बिलावर होते. कर जिथे वसूल होतो, तिथेच लेखणी पोहोचते. म्हणून विक्रीचा आकडा हाती आला की आधी विचारावे: ही नोंद कोणी ठेवली, कशासाठी ठेवली आणि तीत कोण आलेच नाही?