संगणकाची पहिली पायरी

पोथी उघडली की मूळ मजकुराआधी बहुधा 'श्रीगणेशाय नमः' ही अक्षरे भेटतात. ग्रंथकर्ता कोणीही असो, नक्कल करणारा लेखनिक ती लिहिल्याखेरीज सहसा पुढे जात नसे. संगणक सुरू केल्यानंतर त्याची कार्यप्रणाली पुरती जागी होईपर्यंत पडद्यावर जे चित्र वा ज्या ओळी दिसतात, त्यांना आम्ही येथे 'आरंभपट' म्हणू. हा आरंभपट बदलण्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकानेही पाहावा असे आम्हांस वाटते, कारण त्यात आपल्या परिचयाचे दोन प्रश्न पुन्हा उभे राहतात. ग्रंथाच्या दाराशी कोणाची अक्षरे असावीत, हा एक. आणि दुसऱ्याच्या ग्रंथात फेरफार करणाऱ्याने कोणते बंधन पाळावे, हा दुसरा.

आरंभपट बदलण्याची हौस मुक्त प्रणालींपुरती मर्यादित नव्हती. १९९५ साली आलेल्या 'विंडोज ९५'मध्ये ३२० × ४०० बिंदूंचे, २५६ रंगांचे चित्र ठरावीक नावाने ठेवले की कंपनीच्या चित्राऐवजी ते दिसे. मात्र घराच्या दारावरची पाटी बदलावी, तेवढाच हा बदल होता. आत काय चालते ते वाचण्याचा, सुधारण्याचा आणि सुधारलेली प्रत दुसऱ्यास देण्याचा अधिकार त्यात नव्हता. तो अधिकार हाच ज्याचा पाया, असा ग्नू प्रकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला. १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना आला आणि १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. त्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला व पुढे तो याच परवान्याखाली आणला. लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये 'गिम्प' या मुक्त चित्रप्रणालीत रेखाटलेला पेंग्विन लिनक्सच्या आरंभपटावर येऊन बसला. २००९ मध्ये गाभ्याच्या २.६.२९ या आवृत्तीपुरता तो बाजूला झाला आणि नामशेष होऊ घातलेल्या टास्मानियन डेव्हिल या प्राण्याकडे लक्ष वेधण्यासाठी त्याचे चित्र तेथे आले. मंगलाचरणात दैवत बदलावे, तसाच हा प्रकार.

चित्राची वाट अशी लवकर मोकळी झाली. अक्षरांची मात्र झाली नाही. 'ग्रब' हा मुक्त आरंभक संगणक चालू होताच कोणती प्रणाली उठवायची ते विचारतो. त्याच्या जुन्या पिढीत पार्श्वभूमीचे चित्र ६४० × ४८० बिंदूंचे आणि अवघ्या चौदा रंगांचे असावे लागे. नव्या पिढीत ही मर्यादा गेली, युनिकोडची अक्षरेही आली. तरी पंढरपूरच्या कोणी आपल्या संगणकाच्या या पहिल्या यादीत 'विठ्ठल' हा शब्द लिहू पाहिला, तर अडचण उभी राहते. संगणकाच्या स्मृतीत हा शब्द व, वेलांटी, ठ, हलन्तचिन्ह, ठ, ल अशा सहा खुणांच्या क्रमाने असतो. वाचताना वेलांटी 'व'च्या आधी यावी लागते आणि दोन ठ जोडले जावे लागतात. ही पुनर्रचना करणारी यंत्रणा ग्रबमध्ये नसल्याने शब्द विस्कटतो. म्हणून जाणकार तो शब्द गिम्पमध्ये चित्र म्हणून काढून पार्श्वभूमीस लावतात. देवनागरी तेथे दिसते खरी, पण लिपी म्हणून नव्हे, चित्र म्हणून.

२००८ च्या अखेरीस 'फेडोरा १०'बरोबर 'प्लिमथ' हा नवा आरंभपट आला. त्यातील मजकुराच्या मांडणीसाठी 'पँगो' या मुक्त आज्ञावलीचा आधार घेता येतो, आणि पँगोला वेलांटीची जागा ठाऊक आहे. योग्य अक्षरसंच आरंभीच्या फायलींत समाविष्ट केला, की 'विठ्ठल' हा शब्द शब्द म्हणूनच उमटू शकतो. ज्या भाषेतील 'ज्ञानेश्वरी'चा आरंभच शब्दब्रह्मरूप गणेशाच्या वंदनेने होतो, त्या भाषेच्या वाचकाला या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता दुसरा प्रश्न. बदलण्याची मुभा सर्वांस दिली तर मूळ कृतीचे काय होते? मराठीने हे भोगले आहे. हस्तलिखितांची परंपरा मुक्त होती. ज्याला हवी त्याने प्रत करावी, आणि प्रत करता करता आपलेही दोन शब्द घालावेत. पंढरपूरच्या नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींच्या रचना मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढणे अभ्यासकांना जड गेले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. मिसळ थांबवण्यासाठी त्यांना दार बंद करावे लागले.

ग्नूच्या परवान्याने येथे तिसरी वाट काढली. दुसऱ्या आवृत्तीची अट अशी : बदल अवश्य करा, पण बदललेल्या फायलीत आपण बदल केल्याचे आणि त्याच्या तारखेचे ठळक टिपण ठेवा, आणि बदललेली प्रत इतरांस द्याल तर त्यांनाही हीच मुभा द्या. प्रक्षेपाला बंदी नाही, निनावी प्रक्षेपाला आहे. गाथेच्या प्रत्येक लेखनिकाने एवढे पाळले असते, तर पाठचिकित्सेचे निम्मे श्रम वाचले असते.

पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वाराशी असलेली पहिली पायरी परंपरेनुसार नामदेवांची समाधी मानली जाते. भक्तांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. उंबरठा ही क्षणभराची जागा खरी, पण आत जाणारा प्रत्येक जण तेथून जातो. संगणकाच्या उंबरठ्यावर आपली लिपी शब्दरूपाने उभी राहावी, आणि ती तेथे कोणी आणली याची नोंद राहावी, एवढी अपेक्षा मराठीच्या विद्यार्थ्याने ठेवावयास हरकत नाही. ती पुरी करण्याची साधने आता त्याच्या हाती आहेत.