जॉबरच्या जागी पदवीधर

मनुष्यबळ व्यवस्थापन, म्हणजे आज सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘एचआर’, हा विषय अमेरिकी व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांतून आपल्या विद्यापीठांत आला, असा सर्वसाधारण समज आहे. नाव तिकडून आले, हे खरे. मुंबईत मात्र या विद्येचे मूळ शोधू गेले, तर ते गिरणीच्या फाटकाशी सापडते. मी हा विषय कुठल्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. गिरणगावाविषयीचे जुने अहवाल वाचता वाचता या वाटेला लागलो.

फाटकावर सत्ता होती जॉबरची. बायकांच्या खात्यात नायकिणीची. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला काढायचे, बदली कामगारांपैकी आज कोणाला साच्यावर उभे करायचे, हे तो ठरवी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. गावाकडून आलेल्या माणसाला खोली, उधारी, जामीन हेही बहुधा त्याच्याच ओळखीने मिळे. म्हणून त्याला नुसता लुटारू म्हणून मोकळे होता येत नाही. पण त्याची मर्जी गेली की रोजी गेली, आणि दाद मागायला दुसरे दार नव्हते.

१९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाचे अध्यक्ष होते जे. एच. व्हिटली, सभासदांत आपले नारायण मल्हार जोशी होते. आयोगाच्या १९३१च्या अहवालाने या व्यवस्थेवर नेमके बोट ठेवले. नेमणूक आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढा, त्यासाठी कामगार अधिकारी नेमा आणि त्याला जनरल मॅनेजरखेरीज कोणाच्याही हाताखाली ठेवू नका, अशी शिफारस केली. या अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण हवेत, हेही सांगितले : सचोटी, व्यक्तिमत्त्व, उत्साह, माणूस समजून घेण्याची हातोटी आणि भाषेवर पकड. एचआरच्या नोकरीसाठी लागणाऱ्या गुणांची ही आपल्याकडची बहुधा सर्वांत जुनी यादी असावी, आणि तीत हिशेब नाही, भाषा आहे.

या पदाचा जन्म निव्वळ करुणेतून झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९२८चा सहा महिन्यांचा संप आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन सरकार विसरलेले नव्हते. १९३४मध्ये पुन्हा मोठा संप झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने तंटे मिटवण्याचा कायदा करून सरकारी कामगार अधिकारी नेमला. कामगारांची गाऱ्हाणी त्यांच्या वतीने मांडणे हे त्याचे काम. गाऱ्हाणे त्याच्याकडे गेले, म्हणजे युनियनकडे जाणार नाही, हा हिशेब त्यामागे उघड दिसतो.

असे अधिकारी आणायचे कुठून? अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्यात वस्तीकार्य करीत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा न्यासाच्या पैशाने १९३६ साली तिथेच समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय उघडले. तेच १९४४पासून ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’. १९५४मध्ये देवनारला गेले, १९६४मध्ये विद्यापीठाच्या दर्जाला पोचले. १९४७ साली परळला सरकारी कामगार संस्था निघाली. तिला आता नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे.

या अभ्यासक्रमांना खरा भाव आला तो १९४८च्या कारखाने कायद्याने. कलम ४९ने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. कायद्याने जागा निर्माण केल्या आणि जागांनी विद्यार्थी. राज्यांच्या नियमांत समाजशास्त्रीय शिक्षणाबरोबर बहुसंख्य कामगारांची भाषा येणे ही पात्रता आली. काही राज्यांच्या नियमांनी तर या अधिकाऱ्याने कामगारावरची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत, कामगाराविरुद्ध मालकाच्या वतीने न्यायाधिकरणापुढे उभे राहू नये, असेही घातले. पगार मालकाचा, आणि हात मात्र बांधलेले! अशी नोकरी शिकवणे सोपे नसणार.

पुढे पाटी बदलत गेली : श्रमकल्याण, मग कर्मचारी व्यवस्थापन, मग मनुष्यबळ. १९८२मध्ये दत्ता सामंतांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव विस्कटत गेले. गिरणी गेली, जॉबर मात्र ठेकेदाराच्या रूपाने परतला. माणूस आणणारा तोच, हजेरी त्याच्याकडे, पगारातला वाटाही त्याच्याकडे. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा वीस कामगारांपासून लागू होई. २०२०च्या संहितेने ती मर्यादा पन्नासवर नेली. त्याच संहितेने कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आणली. म्हणजे एका हाताने पदवीधराला जागा वाढवून दिली, दुसऱ्या हाताने लहान ठेकेदाराला मोकळीक.

आजचा एचआरचा विद्यार्थी इंग्रजीत शिकतो, इंग्रजीत मुलाखती घेतो, आणि त्या मुलाखतीच्या खोलीत कंत्राटी कामगार सहसा येतच नाही. त्याची भरती बाहेर, भोजपुरीत, ओडियात नाहीतर मराठवाड्याच्या बोलीत, केव्हाच झालेली असते.