टेम्पो आणि टेम्पोवाले मामा

सोसायटीचा इतिहास लिहायचा म्हटलं की भूमिपूजन, कन्व्हेयन्स आणि पाण्याची टाकी हे विषय येतातच. पण आपण सगळे या गेटातून पहिल्यांदा आत आलो ते टेम्पोच्या मागे मागे! म्हणून मी हा विषय घेतला.

माझ्या लहानपणी बिऱ्हाड हलायचं ते हातगाडीवर नाहीतर बैलगाडीतून. ट्रंका, वळकट्या, पाटा-वरवंटा, संपलं सामान. ‘टेम्पो’ हा शब्द आपल्याला आता घरचाच वाटतो, पण मुळात ते एका जर्मन कंपनीचं नाव. तिच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली आणि तीनचाकी टेम्पो रस्त्यावर आले. नाव इतकं रुळलं की छोटी मालगाडी कुठलीही असो, आपण टेम्पोच म्हणतो. पुढे मॅटाडोर आली, १९८६ मध्ये टाटा ४०७ आणि २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’.

बँकेच्या नोकरीत माझ्या सात बदल्या झाल्या. गाड्या सुधारत गेल्या, पण प्रश्न तोच राहिला, माणूस भरवशाचा आहे का? १९८७ च्या बदलीत ड्रायव्हरने जकात नाक्याच्या अलीकडे गाडी उभी केली. म्हणाला, “साहेब, अजून तीनशे द्या, नाहीतर सामान इथेच उतरवतो.” पाऊस भरून आलेला, सौ. धाकटीला मांडीवर घेऊन बसलेली. मुकाट्याने दिले. चूक माझीही होती. बँकेत कागदाशिवाय रुपया न सोडणारा मी, भाडं मात्र तोंडी ठरवून बसलो होतो!

इथे येताना मात्र चार जणांना विचारून नाक्यावरच्या मामांना बोलावलं. मामा आदल्या दिवशी घरी आले. कपाट मोजलं, जिना पाहिला, हमाल किती लागतील ते सांगितलं आणि आकडा वहीच्या पानावर लिहून दिला. लिफ्ट तेव्हा सुरू व्हायची होती. आईचा देव्हारा मामांनी चपला काढून स्वतः तिसऱ्या मजल्यावर आणला. पैसे घेतले ते लिहिले होते तेवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात हजर! गाडीत राहिलेली कुकरची शिट्टी द्यायला आले होते. पुढे आपल्या कितीतरी बिऱ्हाडांचं सामान मामांनीच आणलं.

आता मुलं मोबाईलवर गाडी मागवतात. जरूर मागवा, पण सामान आधी दाखवा, यादी करा, मजला आणि हमालीसकट भाडं लिहून घ्या. दागिने व कागदपत्रं आपल्याजवळ ठेवा आणि उरलेले पैसे सामान उतरल्यावरच द्या. परगावी माल पाठवताना वाहतूकदाराकडून पावती घ्या. २००७ च्या कायद्याप्रमाणे त्याने नोंदणी केलेली असावी लागते, तीही बघा.

सोसायटीच्या जुन्या अल्बममध्ये मामांचा एकही फोटो नाही. म्हणून ही नोंद.