किब्ल्याची कुळकथा

नमाज पढताना तोंड ज्या दिशेला करायचे, ती दिशा म्हणजे किब्ला. रोजची पाच वेळची नमाज हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक, आणि वजूप्रमाणेच (नमाजआधी हातपाय-तोंड धुणे) किब्ला साधणे ही तिची अट आहे. ही दिशा मक्केतील काब्याची. पण आधी ती वेगळी होती. हिजरतीनंतर, म्हणजे मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरानंतर, मदिनेत सोळा-सतरा महिने मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. इ.स. 624 मध्ये कुराणातील आज्ञेने किब्ला बदलला. मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला, तेव्हा हा बदल म्हणजे सरळ पाठ फिरवणेच होते. नमाज चालू असतानाच रांगा उलट वळल्या अशी परंपरा आहे. मदिनेत ती जागा दोन किब्ल्यांची मशीद म्हणून दाखवतात.

भिंतीतला कोनाडा, म्हणजे मेहराब, मागाहून आला. आठव्या शतकाच्या आरंभी खलिफा अल-वलीद याच्या काळात मदिनेतील पैगंबरांची मशीद पुन्हा बांधली, तेव्हा तो तिथे घडवला गेला. महाराष्ट्रात मेहराब पश्चिमेच्या भिंतीत असते. कब्रस्तानातही हीच दिशा पाळतात: कबर दक्षिणोत्तर खणतात आणि मयताला उजव्या कुशीवर, पश्चिमेकडे तोंड करून ठेवतात.

खरी दिशा मात्र नेमकी पश्चिम नव्हे. नाशिककडच्या दिंडोरीचे अक्षांश सुमारे 20 अंश 12 मिनिटे, मक्केचे 21 अंश 25 मिनिटे. अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर. सपाट नकाशावर रेघ ओढली तर ती पश्चिमेपासून जेमतेम दोन अंश उत्तरेला झुकते. पृथ्वी गोल धरून हिशेब केला की हा कल आठ अंशांवर जातो. हे गोलीय गणित मध्ययुगीन मुस्लीम ज्योतिर्विदांनी चांगलेच मुरवले होते. अल-बिरूनीने गझनीचा किब्ला याच गणिताने काढला. हनफी पंथाच्या फिकहाने, म्हणजे धर्मशास्त्राने, मात्र सामान्य माणसाला या काटेकोरपणातून मोकळे ठेवले. काबा डोळ्यांपुढे नसेल तर त्या बाजूला तोंड असणे पुरे, आणि दिशा कळतच नसेल तर प्रामाणिक अंदाजही चालतो.

गणिताशिवाय नेमकी दिशा काढायची सोयही आहे. वर्षातून दोनदा, 28 मे आणि 16 जुलैच्या सुमारास, सूर्य काब्याच्या बरोबर माथ्यावर येतो. मे महिन्यातल्या त्या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी दिंडोरीच्या एखाद्या अंगणात काठी उभी रोवावी: सावली पडेल तिच्या बरोबर उलट बाजूला किब्ला. जुलैत हाच योग 2 वाजून 57 मिनिटांना येतो, पण तेव्हा नाशिककडे आभाळ भरलेले असते आणि सावली मिळणे कठीण.