चोक कशासाठी? ट्यूब थेट मेन्सला का जोडत नाहीत

जुनी चार फुटी ट्यूब बिघडली की आपण म्हणतो, 'चोक गेला.' पण हा लोखंडी ठोकळा करतो काय?

साध्या पिवळ्या बल्बला चोक लागत नाही. त्याची तार तापली की तिचा विरोध वाढतो आणि करंट आपोआप आवरला जातो. ट्यूब, मर्क्युरी, सोडियम या दिव्यांत मात्र तार पेटत नाही, वायू पेटतो. करंट वाढला की वायूचे आणखी अणू फुटून विद्युतभारित होतात, विरोध कमी होतो, मग करंट आणखी वाढतो. लगाम नसेल तर क्षणात फ्यूज उडेल किंवा दिवा फुटेल. म्हणून मध्ये चोक घालायचा.

36 वॅटची ट्यूब पेटल्यावर तिच्यावर जेमतेम 103 व्होल्ट राहतात आणि करंट 0.43 अँपिअर. उरलेला भार चोक उचलतो. मीटर लावून बघाल तर चोकवर 205 च्या आसपास व्होल्ट दिसतील. 103 आणि 205 ची बेरीज 230 कशी, असं विचाराल. दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर नसतात, म्हणून साधी बेरीज चालत नाही. चोकच्या जागी साधा रेझिस्टन्स घातला तरी करंट आवरेल, पण पन्नासेक वॅट नुसती उष्णता होऊन जातील. तांब्याच्या चोकमध्ये हे नुकसान साधारण दहा वॅट.

चोकचं दुसरं काम पेटवण्याचं. स्टार्टर आधी दोन्ही टोकांच्या फिलामेंट तापवतो आणि मग सर्किट तोडतो. त्या झटक्यासरशी चोक जास्त व्होल्टेजचा फटका देतो आणि ट्यूब लागते. उशिरा समजणाऱ्याला 'ट्यूबलाईट' म्हणतात ते या लुकलुकीमुळेच!

खरा घोळ रस्त्यावरच्या, मंडपातल्या दिव्यांत होतो. 150 वॅटच्या सोडियमला सुमारे 1.8 अँपिअर लागतो, 250 ला 3. 'बसतोय ना, मग चालेल' म्हणत 250 चा चोक 150 च्या दिव्याला लावला, तर दिवा जास्त लख्ख पेटतो, लोक खूश होतात, पण तो लवकर मरतो आणि फुटायचाही धोका असतो. मर्क्युरीचा चोकही सोडियमला लावू नये. सोडियमला शिवाय काही हजार व्होल्टचा ठोका देणारा इग्नायटर लागतो.

बदलताना दिव्याचा प्रकार आणि वॅट चोकवरच्या लेबलशी ताडून बघा. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालणार असाल, तर आधी तिच्या खोक्यावरची वायरिंग बघा: काही ट्यूबना चोक चालतो, काहींना तो काढूनच टाकावा लागतो.