रेल्वे-स्थापत्याचा सन्मान : नाव कुणाचे, काम कुणाचे?

वाचकहो, पुरस्कारांचा इतिहास म्हणजे विजेत्यांची यादी, असे आपण सहसा समजतो. परंतु पुरस्कार कोणत्या गुणाला आणि कोणाच्या नावाने दिला जातो, हे पाहिले म्हणजे त्या काळाची मूल्ये हाती लागतात. रेल्वेच्या स्थापत्यासाठी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय ‘ब्रुनेल पुरस्कार’ याचे चांगले उदाहरण आहे.

१९६३ साली निरनिराळ्या देशांच्या रेल्वेतील वास्तुरचनाकार व संकल्पनकार यांचा ‘वॉटफर्ड ग्रुप’ इंग्लंडमध्ये स्थापन झाला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेला दीडशे वर्षे झाली त्या १९८५ साली या पुरस्काराचा आरंभ झाला. स्थानकांच्या इमारतींबरोबरच पूल, गाड्यांचे डबे, इतकेच नव्हे तर प्रवाशाला वाट दाखविणारे फलकही त्यात विचारात घेतले जातात. प्रवाशाचा रोजचा संबंध येतो ती प्रत्येक वस्तू नीट घडविलेली असावी, ही त्यामागची भूमिका.

ज्याच्या नावाने हा सन्मान आहे, तो इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल (१८०६–१८५९) ग्रेट वेस्टर्नचा अभियंता. रुळांमधील अंतर सात फूट ठेवण्याचा त्याचा आग्रह होता. तो टिकला नाही. १८९२ साली ती रुंद वाट कायमची मोडली. मात्र मेडनहेड येथील त्याचा विटांचा पूल, ज्याच्या सपाट कमानी कोसळतील असे अनेकांना वाटले होते, तो आजही गाड्यांचा भार वाहतो. बॉक्स येथील त्याचा बोगदाही वापरात आहे. तो खोदताना अनेक मजुरांनी प्राण गमावले. पुरस्कारावर नाव मात्र एकट्या अभियंत्याचे!

येथे आपल्याकडे वळू. मुंबईच्या बोरीबंदरची वास्तू १८७८ मध्ये उभारू लागली. तिचे श्रेय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना दिले जाते, ते योग्यच आहे. परंतु सीताराम खंडेराव वैद्य हे त्या कामावर साहाय्यक अभियंता होते आणि म. म. जनार्दन पर्यवेक्षक. दगडातली पाने, पक्षी, प्राणी यांच्या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ साली या वास्तूला जागतिक वारशाचा मान मिळाला. तो मान केवळ स्टीव्हन्स यांचा म्हणावयाचा काय?

गेल्या काही वर्षांतील एक गोष्ट आशादायक वाटते. १८५३ च्या पहिल्या लोहमार्गावरील भायखळा स्थानकाच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. नवे उभारण्याइतकेच जुने जपणे हेही कर्तृत्व आहे, आणि तेही रोज असंख्य लोकांची ये-जा चालू असलेल्या ठिकाणी, याची ती कबुली होय.

आपण बडोद्याचे असाल, तर खंडेराव गायकवाडांच्या काळात १८६२ साली डभोईच्या रुळांवरून बैलांनी गाडी ओढली, हे आपण घरी ऐकले असेल. ती वाट कोणी आखली, खडी कोणी फोडली, हे मात्र घरोघरीच्या आठवणींत आणि जुन्या दप्तरांतच शोधावे लागेल. परीक्षकांनी पुरस्कार देऊन होतात. उरलेली नावे लिहून ठेवण्याचे काम आपले आहे. ती नावे सांगणारी माणसे आपल्यात आहेत तोवर ते हाती घ्यावे, एवढीच विनंती.